बॅगेची उचल

पोशेरा, ता. मोखाडा
१४ मे २०२५

प्रति,
मा. प्रमुख, प्रसिद्धी व प्रवेश विभाग

महोदय,

आपल्या महाविद्यालयाच्या माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर ‘काहीही विचारा, आम्ही ऐकतोय’ असं छापलं आहे, म्हणून विचारते.

मी मोखाड्याच्या शाळेत मराठी शिकवते. माझी विद्यार्थिनी प्रगती यंदा बारावी झाली. गुण चांगले आहेत. तिला जनसंवादाची पदवी घ्यायची आहे आणि आपलंच कॉलेज हवं आहे. पुस्तकात लिहिलं आहे की या अभ्यासक्रमाचं सर्वाधिक पॅकेज अठरा लाख. सर्वाधिक म्हणजे एकाला. तो एक सुखात राहो. बाकीच्यांचं काय झालं ते पुस्तकात नाही. वर्गात मधल्या बाकावर बसणारा मुलगा पदवी घेऊन तीन वर्षांनी काय कमावतो, आणि नेमकं काय काम करून, एवढंच कळवावं. उत्तरात उंच इमारतीचा फोटो नसला तरी चालेल.

आपली,
जयश्री

ता. क. तुषार, तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर. माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, त्याचा फायदा घेते आहे. आई बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगून ठेवते.


पोशेरा
२४ मे

चि. तुषार,

महोदयांकडून उत्तर नाही, म्हणून आता भावाला लिहिते.

प्रगती म्हणजे लाडक्याची मोठी. आपल्या घराच्या खालच्या अंगाला राहतात ते. तू गेलास तेव्हा ती नाक पुसत आपल्या पडवीत पाटी घेऊन बसायची. आता सगळ्या पाड्याचे मेसेज तीच वाचून दाखवते. माळावर जांभळाखाली इंटरनेट येतं, तिथे म्हाताऱ्या रांग लावतात. रेशनचा मेसेज आला की त्या मेसेजातलं मराठी ती आपल्या भाषेत फोडून सांगते. मी तिला विचारलं, तुला हा कोर्सच का करायचाय. म्हणाली, “बाई, लोकांला सांगतात ते लोकांला कळत नाय. ते कळंल असा सांगायचा, त्याचाच कोर्स हाय ना?” मी हो म्हणाले. तुझी आठवण झाली, पण ते बोलले नाही.

परवा ती जव्हारहून आली ती खांद्याला नवी कोरी बॅग अडकवून. निळी, त्यावर तुमच्या कॉलेजचं नाव, नावाखाली उगवता सूर्य. जव्हारला हॉलमध्ये मेळावा होता म्हणे, नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाला एक बॅग. कोणी दिली, विचारलं. ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. मग म्हणाली, “तुषारदादानी.”

म्हणजे तू जव्हारला होतास.

मग तिने तिच्या मोबाईलवर तुमच्या कॉलेजच्या पानावरचे फोटो दाखवले. हॉलमधला तू, बॅगा वाटणारा तू, आणि संध्याकाळचा शिरपामाळावरचा तू, काळा चष्मा लावून, मागे दरी. सुरतेला जाताना शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबले होते म्हणून लोक बघायला जातात. पण महाराज तिथून पुढे गेले होते. तू तिथूनच मागे फिरलास. पुढे एसटीने तासाभराच्या अंतरावर आई भाकरी थापत होती. मी आईला यातलं काही सांगितलं नाही. तिला कळलं असेल तर माझ्याकडून नाही.

असो. अडचण बॅगेची आहे.

मी लाडक्याला समजावायला गेले की दोन-तीन कॉलेजं बघू, चौकशी करू, मग ठरवू. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि खुंटीवरच्या बॅगेकडे बोट केलं. “बाई, पोरीनी बॅग घेतली ना? मग झालां.”

झालं कसं, तर असं. दिवाळीला मुकादम येतो, हातावर उचल ठेवतो, आणि घेतलेल्या माणसाने हंगामभर त्याच भट्टीवर विटा थापायच्या. मध्ये दुसऱ्या भट्टीवाल्याने जास्त देतो म्हटलं तरी जायचं नाही. घेतलं त्याचं झालं. लाडक्या आणि त्याची बायको पोशी लग्नापासून भिवंडीकडच्या भट्ट्यांवर जातात, त्यांनी शब्द फिरवल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यांच्या हिशेबी तुमच्या कॉलेजने पोरीला बॅगेची उचल दिली आणि पोरगी बांधली गेली. मी म्हटलं, अरे ती फुकट वाटलेली बॅग आहे, जाहिरात असते ती. लाडक्या हसला. “फुकट कोन देतां?”

याचं उत्तर प्रसिद्धी विभागाने द्यावं.

तुझी,
ताई


पोशेरा
२ जून

चि. तुषार,

तुझं पत्र नाही, पण तुझ्या कॉलेजचा फोन येतो. रोज येतो. पहिल्या पत्राच्या पाकिटावर मी माझा नंबर लिहिला होता, तो कुणीतरी इमानदारीने यादीत चढवलेला दिसतो. तुमच्याकडे पत्रं वाचली जात नाहीत, फक्त त्यांवरचे नंबर वाचले जातात, असं दिसतं.

फोनवर वर्षाली नावाची मुलगी असते. गोड बोलते. “मॅडम, आपल्या पाल्याची सीट ब्लॉक करून ठेवू का?” मला पाल्य नाही हे मी तिला पहिल्या दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा पाल्याची चौकशी केली. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून येऊन चहा टाकला होता, आई झोपली होती, बोलायला दुसरं कोणी नव्हतं. मग मीच तिची चौकशी केली. कुठली, काय शिकलीस.

ती आवाज खाली करून म्हणाली, “मी इथलीच, मॅम. मास कॉम. दोन वर्षांपूर्वी पास झाले.”

मधल्या बाकावरचा माणूस, ज्याला मी तुला पत्रं घालून शोधत होते, तो स्वतःच मला रोज फोन करत होता. मी विचारलं, मग इथे कशी. तर कॅम्पसमध्ये कंपन्या आल्या त्या दोन, त्यांनी घेतली ती चार मुलं. उरलेल्यांना कॉलेजनेच ठेवून घेतलं, फोन करायला. पगार मुलामागे. मूल आलं तर मिळतो. माहितीपुस्तकात तिचा फोटोही आहे म्हणे, ‘नोकरी मिळालेले आमचे विद्यार्थी’ या पानावर, वरून तिसऱ्या ओळीत. मी पुस्तक काढून बघितलं. आहे. हसरी आहे.

तिला बातम्या लिहायच्या होत्या. फोन ठेवताना म्हणाली, “मॅम, तुम्ही प्लीज नाही म्हणून टाका, म्हणजे मला तुमचं नाव काढता येईल.” मी नाही म्हटलं नाही. उद्या पुन्हा येऊ दे फोन. इथे संध्याकाळी फार शांत असतं.

ताई


पोशेरा
११ जून

चि. तुषार,

हे पत्र वाच. बाकीची फाडलीस तरी चालतील.

लाडक्याने काल भिवंडीच्या मुकादमाला निरोप धाडला. पावसाळा सरायच्या आधीच पुढच्या हंगामाची उचल मागितली आहे, तुमची पहिल्या वर्षाची फी भरायला. मुकादम देणार आहे. त्याची अट आहे की धाकट्याला पण शाळेतून काढून बरोबर आणायचं. लाडक्या हो म्हणाला. पोशी म्हणाली, पोरगी शिकून पॅकेज लागलां का सगळा फिटतां. पॅकेज म्हणजे तिच्या मनात काय आहे, ते मी विचारलं. तिला वाटतं, कॉलेज संपताना अठरा लाखांची उचल हातावर ठेवतात आणि मग पोरीने ती ऑफिसात बसून फेडायची. मी तिची समजूत दुरुस्त करायला गेले नाही. दुरुस्त करून तिच्या जागी काय ठेवणार होते? वर्षाली?

मी लाडक्याला वर्षालीचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, बाई, तुमचा न तुषारचा पटत नाय, म्हनून तुमाला तसा वाटतां. पाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे आपलं काय झालं ते. तू कॉलेजसाठी काढलेल्या त्या सिनेमावर मी पेपरात लिहिलं, तू फोन बंद केलास. मी लिहिलं ते आजही पुन्हा लिहीन, त्यातला एक शब्द बदलणार नाही. तू कॅमेरावाले घेऊन आलास. आईने कोंबडं केलं, नवा तांदूळ काढला. जेवणं झाल्यावर तुझा तो दाढीवाला म्हणाला, मावशी, पायरीवर बसा, रिकामं ताट मांडीवर धरा, थोडं लांब बघा. आईने धरलं. पोरगा म्हणतो तर धरलं. ते ताट रिकामं होतं, कारण त्याच दाढीवाल्याने त्यात दोनदा भात घेतला होता आणि आईने नुकतं घासून आणलं होतं.

मग सिनेमात तुझा आवाज आला, ‘वावरच्या पाड्यावर मी उपाशी झोपलोय.’ वावर का, तर वावरचं नाव पूर्वी कुपोषणाच्या बातम्यांत पेपरात आलेलं. तिथली पोरं खरोखर गेली, त्यांच्या आयांची नावं कुणी विचारली नाहीत, आणि तू त्यांचा पत्ता उसना घेतलास. पोशेऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही म्हणून. इथे आपल्या घरात नागली होती, वरी होती, वालाची भाजी होती. माळावर जांभळाखाली सगळ्यांनी मिळून बघितलं ते. आई घरी येऊन चुलीपुढे बसली आणि एवढंच म्हणाली, “मी त्याला कवा उपाशी निजवला?”

तू त्याचं उत्तर दिलेलं नाहीस. ते मी आज मागत नाही.

आज दुसरंच मागते. लाडक्या माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. बॅग तू दिलीस. तुझ्या हाताने लिहून पाठव, खरं काय ते. इथे नाही तर कुठे जावं, तेही लिही. तुला धंदा आतून माहीत आहे, कुठल्या दारातून पोरं खरंच कामाला लागतात ते तू सांगू शकतोस. तुझी नोकरी आहे, मला कळतं. नाव घालू नकोस. अक्षर मी ओळखते, ते गिरवायला मीच शिकवलं आहे.

प्रगतीला मी ही भानगड सांगत बसले, तर ती वैतागून म्हणाली, “बाई, तुमी दोघां भांडा. मना कॉलेज सांगा.”

ताई


पोशेरा
२० जून

चि. तुषार,

पाकीट मिळालं. साधा कागद, वर छापील नाव नाही, खाली सही नाही.

मी पडवीत लाडक्या, पोशी आणि प्रगतीला बसवून मोठ्याने वाचून दाखवलं. ‘प्रगतीला इकडे पाठवू नका. अठरा लाखवाला मीच, तेही कागदावर. कॉलेजनेच मला ठेवलं आणि आकडा छापला.’ हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा लाडक्याचा विश्वास बसला नाही, आणि दुसऱ्यांदा माझा. इतकी वर्षं तू मोठ्या पगारावर आहेस म्हणून मी तुझ्यावर जळफळाट करून घेतला, तो सगळा वाया गेला.

मग ते पेठेतल्या जुन्या अनुदानित कॉलेजचं. इमारत गळकी, फी थोडी, शेजारी मुलींचं सरकारी वसतिगृह. सुरुवातीला थोडंच मिळतं, पण जवळपास सगळ्यांना मिळतं, हे तू खाली रेघ मारून लिहिलंस. दवाखान्यांसाठी लोकांना कळेल असं लिहिणं, आरोग्य खात्याचे कार्यक्रम, रेडिओ, भाषांतर. ज्यांना दोन-तीन भाषा येतात त्यांना लवकर बढती. तीन-चार वर्षांत तिथला मधला मुलगा तुमच्या कॉलेजच्या मधल्या मुलाच्या दुपटीने कमावतो. त्या ओळीला प्रगतीने कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. मग घडी करून जवळ ठेवला. मला परत दिला नाही.

लाडक्याने मुकादमाला नकार कळवला. धाकटा शाळेत जातो आहे.

कागदाच्या मागच्या बाजूला मी बघितलं. काही नव्हतं. पाकिटातही हात घालून बघितला. आईबद्दल एक अक्षर नाही, ताई म्हणून हाकही नाही. ‘पाठवू नका’ असं अनेकवचन केलंस, जणू मी पालक-शिक्षक संघ आहे.

एक गोष्ट मला काल कळली. आई रोज दिवस कलला की गुडघे धरत माळ चढते, ती मला वाटायचं पाय मोकळे करायला. ती प्रगतीच्या मोबाईलवर तुझा सिनेमा बघते. रोज. तू चालत येतोस, हसतोस, ‘नमस्कार’ म्हणतोस तेवढाच. मग प्रगतीला सांगते, “ताटाच्या आदी थांबव.” प्रगती थांबवते. मग दोघी खाली येतात. मोबाईल माझ्याकडेही आहे. मला तिने कधी सांगितलं नाही. मी टोमणा मारीन, अशी तिला भीती असावी. भीती बरोबर आहे.

आता प्रगती जाणार. मी काल आईला म्हटलं, मी दाखवीन. ती म्हणाली, “तू नको.”

अजून एक लफडं आहे. लाडक्या म्हणतो, उचल मोडायची तर ज्याच्या हातून घेतली त्याच्याच हातात परत द्यायला लागते, नाहीतर पोरीच्या नावाला बट्टा. पोस्टाने नाही चालत. वर्षालीकडे दिलेली नाही चालत. तुझ्याच हातात.

ताई


पोशेरा
५ जुलै

चि. तुषार,

हे पत्र पोस्टाने नाही, बॅगेत आहे. म्हणजे तू हे वाचतो आहेस तर लाडक्या तुझ्यासमोर उभा आहे. त्याला आत बोलाव. लावणीचे दिवस टाकून आला आहे.

प्रगतीचा प्रवेश झाला. लाडक्या तिला वसतिगृहात भेटून तुझ्याकडे येणार आणि निळी बॅग तुझ्या हातात देऊन मोकळा होणार, असं ठरलं होतं. मी काल बॅग पुसून घडी घालत होते, तर आईने ती माझ्या हातातून घेतली. म्हणाली, “रिकामी कशी धाडतीस?”

तुला आठवत असेल. कुणाचं भांडं परत करताना रिकामं करत नाहीत, मूठभर तरी काहीतरी घालतात. हे मीही विसरले होते. तुमच्या कॉलेजने प्रगतीला आत दोन कागद आणि एक पेन घालून दिलं होतं. आईने त्यापेक्षा बरं केलं आहे. दिवसभर चुलीपुढून उठली नाही. मी मदत करू लागले तर मला बाजूला केलं. नागलीच्या भाकऱ्या फडक्यात आहेत, त्या आजच खा. खाली वरीचे लाडू आणि भाजलेल्या उडदाची चटणी. डबा पितळेचा आहे, झाकणावर पोचा पडलेला. तू तो शाळेच्या कट्ट्यावरून खाली टाकला होतास तेव्हाचा. तो तुला शाळेत भरून जायचा, रोज, पावसात पण. वावरला नाही. इथून.

आईला विचारलं, काही निरोप सांगायचा का. ती बराच वेळ फडक्याची गाठ बांधत राहिली. मग म्हणाली, “काय नाय. खाऊन बघ म्हनावा.”

प्रगती गेल्या आठवड्यातच पुढे गेली, सकाळच्या एसटीने. जाताना माझ्या पाया पडली, आईच्या गळ्यात पडली. आता मी शाळेतून येते तेव्हा जांभळाखाली कुणी नसतं. म्हाताऱ्या मेसेज घेऊन माझ्याकडे येतात, मी वाचून दाखवते, आणि त्या म्हणतात, प्रगती सांगायची ते समजायचां. वर्षालीचा फोनही बंद झाला. मी शेवटी तिला नाही म्हणून टाकलं. बिचारीचं नाव निघालं यादीतून, नाही, माझं निघालं. आई आता दिवस कलल्यावर माळाकडे बघत उंबऱ्यावर बसते, चढत नाही.

तर बॅग तुमची. ती ठेवून घे, लाडक्यासमोर हातात घे, म्हणजे पोरगी सुटली.

डबा मात्र आमचा आहे. तो परत करायचा असतो, आणि कसा करायचा असतो तेही तुला माहीत आहे. पोस्टाने चालत नाही. लाडक्याने समजावलं आहे मला सगळं: घेतलं की बांधला गेला. नको असेल तर त्याच्या हातातून घेऊच नकोस. तो वाईट वाटून घेणार नाही, तसाच भरलेला परत आणील, आणि मी आईला सांगेन की तू भेटला नाहीस.

ताई